वीजदर ठरतो कसा, कॉल ड्रॉपचा जाब विचारायचा कुणाला? नियामकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज आयोग म्हणजे शेवटी सरकारच ना?

कायद्याने नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला आणि २००३ च्या विद्युत कायद्याने त्याला आजचे अधिकार मिळाले. दर ठरवणं, कंपन्यांनी केलेल्या वीजखरेदी करारांना मंजुरी देणं, परवाने देणं आणि कंपन्यांमधले वाद सोडवणं ही त्याची कामं. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य, मुदत पाच वर्षं, वयोमर्यादा ६५. दूरसंचारासाठी देशभर एकच नियामक आहे: ट्राय (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण), स्थापना १९९७.

व्यवहारात चित्र थोडं वेगळं दिसतं. सदस्य बहुधा निवृत्त सनदी अधिकारी किंवा वीज कंपन्यांमधूनच आलेले अभियंते असतात. आयोगात कायद्याची पार्श्वभूमी असलेला सदस्य हवाच, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साल उजाडावं लागलं. तरीही आयोगाची सर्वांत मोठी अडचण नेमणुकांची नाही. ज्या कंपनीवर लक्ष ठेवायचं, तिच्याच वहीतले आकडे घेऊन निर्णय द्यावा लागतो, ही आहे. खालच्या बऱ्याच उत्तरांत तुम्ही फिरून याच मुद्द्यावर याल.

माझं वीजबिल वाढलं. वाढवलं कुणी?

बिलाची मागची बाजू बघा. स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार (तारा वापरल्याचा) यांचे दर आयोगाच्या आदेशातून येतात. इंधन समायोजन आकार कोळसा आणि वीजखरेदीच्या किमतीप्रमाणे मधल्या काळात बदलतो. त्याचं सूत्र आयोगाचं असतं, पण आकडा दर वेळी नव्या सुनावणीशिवाय लागू होतो. वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे. घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के पडतो आणि आयोगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो टक्केवारीने लागत असल्यामुळे दर वाढला की करही आपोआप फुगतो.

रोजचा वापर तेवढाच असून रक्कम वाढली असेल, तर आधी दोन बिलांतले वाचनाचे दिवस मोजा. ३० ऐवजी ३६ दिवसांचं वाचन झालं असेल, तर बघायचं ते हे, की दरटप्प्यांची (स्लॅबची) मर्यादाही त्याच प्रमाणात वाढवून धरली आहे का. बऱ्याच तक्रारींची गाठ इथेच सुटते.

दर ठरवताना आयोग नेमकं काय करतो?

कंपनी येत्या काही वर्षांचा खर्च मांडून याचिका दाखल करते. त्यात वीजखरेदी, पारेषणाचं भाडं, देखभाल, पगार, कर्जाचं व्याज, घसारा आणि भांडवलावरचा परतावा असतो. सगळ्यांची बेरीज म्हणजे वार्षिक महसुली गरज. ती अपेक्षित विक्रीने भागली की सरासरी पुरवठा खर्च निघतो. मग तो घरगुती, शेती, उद्योग, दुकानं, पाणीपुरवठा अशा वर्गांमध्ये वाटला जातो. कायद्याप्रमाणे याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत निकाल द्यायचा असतो.

या बेरजेत साधारण तीन-चतुर्थांश वाटा वीजखरेदीचा. ती बहुतेक २५ वर्षांच्या करारांनी बांधलेली असते. म्हणजे जनसुनावणीत माणसं पगार आणि कार्यालयीन खर्चावर तावातावाने बोलतात, तेव्हा मोठा आकडा शेजारच्या पानावर निवांत बसलेला असतो.

वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्च आणि मंजूर खर्च यांची ताळमेळ तपासणी होते. तिला ट्रू-अप म्हणतात. फरकाचं ओझं किंवा दिलासा पुढच्या दरात येतो, आणि मधल्या काळाचं व्याजही.

कंपनीने दिलेले आकडे आयोग तपासून घेत नाही का?

घेतो, पण काही आकडे मोजलेलेच नसतात. महाराष्ट्रात सगळ्यांत अवघड आकडा शेतीपंपांच्या वापराचा. कित्येक पंपांना मीटर नाही, तिथे अश्वशक्तीवर बिल निघतं. मीटर आहे तिथेही वाचन दर वेळी होतंच असं नाही. मग वापर किती? अंदाजाने.

उदाहरण म्हणून सोपे आकडे घेऊ. एका भागात १०० युनिट वीज आली आणि मीटरवाल्या ग्राहकांनी ६० वापरले. पंपांचा वापर २५ धरला तर गळती १५ टक्के. तोच २० धरला तर गळती २० टक्के. वीज तेवढीच आणि तारा त्याच, बदलला तो फक्त अंदाज. आयोगाने गळतीचं उद्दिष्ट १५ टक्के ठेवलं असेल, तर पहिल्या हिशेबात कंपनी पास आणि दुसऱ्यात नापास. खरेदी ५ रुपये युनिट धरली, तर विकलेल्या युनिटमागे पहिल्या हिशेबात ५ रुपये ८८ पैसे पडतात, दुसऱ्यात ६ रुपये २५ पैसे. या ३७ पैशांचा किती भाग ग्राहकाने सोसायचा आणि किती कंपनीने, ते ठरतं कुणीही न मोजलेल्या त्या पाच युनिटांवर.

उपाय माहीत आहे. प्रत्येक फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) मीटर, फीडरची नोंद थेट संगणकावर, आणि शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे. फीडर वेगळा झाला की पंपांचा एकूण वापर निदान वरच्या टोकाला मोजता येतो. घोडं पेंड खातं ते अंमलबजावणीत. वेगळ्या केलेल्या फीडरवर पुन्हा घरगुती जोडण्या चढतात, मीटर बंद पडतो आणि महिनोन् महिने बदलला जात नाही, रोहित्र एका फीडरवरून दुसऱ्यावर जातं पण नोंद जुनीच राहते. शेतीचे फीडर सौरऊर्जेवर नेण्याच्या योजनेतही हिशेबाची हीच शिस्त लागणार आहे.

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. ती मोफत शेतकऱ्याला. कंपनीला तिचे पैसे सरकारने द्यायचे असतात, आणि कायद्याचं कलम ६५ सांगतं की आगाऊ द्यायचे. बिल शून्यच येणार म्हटल्यावर वाचनाची तक्रार करायला मात्र कुणी उरत नाही, आणि अंदाजावरचा बाहेरचा अंकुश आणखी सैल होतो.

आयोगाने दरवाढ पुढे ढकलली तर आपला फायदाच ना?

नाही. मंजूर खर्च दरातून वसूल होऊ दिला नाही, तर तो ‘नियामक मत्ता’ या नावाने वहीत जमा होतो. ही ग्राहकांची उधारीच, आणि तिच्यावर व्याज चढतं. दिल्लीत ती वर्षानुवर्षं साचून हजारो कोटींवर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगांना यावरून फटकारलं. अशी थकबाकी वार्षिक महसुली गरजेच्या ३ टक्क्यांच्या आसपासच असावी आणि नव्याने तयार झालेली तीन वर्षांत फेडली जावी, असं मार्गदर्शक सूत्र न्यायालयाने घालून दिलं.

आयोग असं का करतात, हे सांगायला पंचांग लागत नाही. निवडणुकीचं वेळापत्रक पुरतं.

२०२५ मध्ये महावितरणच्या दरांचा आदेश दोनदा का निघाला?

२८ मार्च २०२५ रोजी आयोगाने पाच वर्षांचा आदेश दिला. त्यात दर कमी होत होते. महावितरणने पुनर्विलोकनाची तयारी दाखवताच काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला बदललेला आदेश आला, लागू १ जुलैपासून. पुनर्विलोकन हे आदेशातली उघड चूक सुधारण्यासाठी असतं. त्यातून दरांची मांडणीच बदलत असेल, तर मूळ याचिकेसारखी जाहीर सुनावणी पुन्हा घ्यायला हवी, हा ग्राहकांच्या बाजूचा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. पहिल्या सुनावणीत जे मांडलं गेलं, ते पहिल्या प्रस्तावाबद्दल होतं.

दुपारी वीज स्वस्त आणि रात्री महाग, हे उलटं कसं झालं?

सौरऊर्जेमुळे. पूर्वी रात्री मागणी पडायची आणि औष्णिक संच मात्र बंद करता यायचे नाहीत. म्हणून उद्योगांना रात्री सवलत मिळे. आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सौर वीज भरपूर असते आणि सूर्य मावळताच दिवे, पंखे, एसी एकदम चालू होतात. सवलत म्हणून दुपारकडे सरकली.

रात्रपाळीवर उभा असलेला कारखाना एका आदेशाने पाळी बदलू शकत नाही. भट्टी चोवीस तास तापलेली लागते, कामगारांच्या बस ठरलेल्या असतात. वेळेनुसार दर बदलताना अशांना किती मुदत द्यायची, याचं तयार सूत्र आयोगाकडे नाही. घरगुती ग्राहकाला याचा लाभ घ्यायचा, तर वेळेनुसार नोंद करणारा मीटर लागतो. २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला एवढा विरोध झाला, की सर्वसामान्य ग्राहकांना ते बसवणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. त्यानंतर बसू लागले ते पोस्टपेड पद्धतीचे.

मोठे उद्योग बाहेरून वीज घेतात. त्याचा माझ्या बिलाशी काय संबंध?

उद्योग आणि दुकानं सरासरी खर्चापेक्षा जास्त दर देतात. त्यातून शेती आणि कमी वापराची घरं यांचा दर खाली राहतो. ही क्रॉस सबसिडी. राष्ट्रीय दर धोरण सांगतं, की कुठल्याही वर्गाचा दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर किंवा खाली एवढ्याच पट्ट्यात असावा. आता जास्त दर देणारा ग्राहकच ओपन ॲक्सेसने, म्हणजे तारा याच वापरून वीज दुसऱ्याकडून घ्यायच्या सोयीने, बाहेर गेला, तर मागे राहिलेल्यांवर भार येतो. म्हणून जाणाऱ्याकडून अधिभार घेतात.

अधिभार जास्त ठेवला की स्पर्धा मरते, कमी ठेवला की घरगुती दर वाढतो. पूर्वी ओपन ॲक्सेससाठी १ मेगावॉटची अट होती. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी ती १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराचा कारखाना आणि रुग्णालयही आता दाराशी उभं आहे.

मुंबईत वीज कंपनी बदलता येते, आमच्याकडे का नाही?

मुंबई उपनगरात एकाच भागात दोन कंपन्यांकडे परवाना आहे. टाटा पॉवर किरकोळ ग्राहकांनाही वीज देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलं आणि त्यानंतर तारा एकीच्या, वीज दुसरीची अशी सोय झाली. तुमच्या भागात दुसरा परवानाधारक नसेल, तर बदलायला पर्यायच नाही. मुंबईचा धडा मात्र वाचण्यासारखा आहे. स्वस्त दर बघून ग्राहक इकडे येतात, दर फिरले की तिकडे जातात, आणि तारांचा खर्च कुणी किती सोसायचा याचे खटले वर्षानुवर्षं चालतात.

ट्राय रिचार्जचे दर का ठरवत नाही?

मोबाईलच्या दरांत ट्रायने फार पूर्वीच हात आखडता घेतला. कंपनीने दर स्वतः ठरवायचा आणि लागू केल्यापासून सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवायचा. बाजारात दहा-बारा कंपन्या होत्या तोवर हे चाललं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, दर कोसळले, लहान कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या. आज खाजगी तीन आणि बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले.

फार कमी दर लावून प्रतिस्पर्धी संपवणं रोखण्यासाठी ट्रायने फेब्रुवारी २०१८ मध्ये नियम केले. त्यातला महत्त्वाचा भाग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टीडीसॅट या दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणाने रद्द केला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दूरसंचारातल्या तांत्रिक प्रश्नावर आधी ट्रायने मत द्यावं, स्पर्धा आयोगाने नंतर हात घालावा. म्हणजे आधी बोलायचं ज्याने, त्याचेच नियम टिकले नाहीत.

काही गोष्टी ट्रायने करून दाखवल्या आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये वेबसाइटनुसार वेगळे इंटरनेट दर लावायला बंदी केली. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवणं सक्तीचं केलं. साधा फोन वापरणाऱ्या आजीने डेटाचे पैसे का भरायचे, या प्रश्नाचं ते उत्तर. मात्र व्हाउचर ठेवायची सक्ती आहे, किंमत कंपनीच ठरवते.

आमच्याकडे नेटवर्क नसतं. तरी अहवालात सगळ्या कंपन्या पास कशा?

सरासरीमुळे. समजा १०० सेल (टॉवरवरून कव्हरेज मिळणारे छोटे भाग) आहेत आणि सगळ्यांवर सारखेच कॉल होतात. ९५ सेलवर १ टक्का कॉल तुटतात, ५ सेलवर २० टक्के. सरासरी निघते १.९५ टक्के. मर्यादा २ टक्के, कंपनी पास! त्या पाच सेलखाली राहणाऱ्यांना मात्र दर पाचवा कॉल पुन्हा लावावा लागतो. त्यात हिशेब सर्कलचा, म्हणजे परवान्याच्या अख्ख्या विभागाचा. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई सोडून जवळजवळ सगळं राज्य आणि गोवाही येतो. पुण्याचं चांगलं नेटवर्क गडचिरोलीचं वाईट नेटवर्क सहज झाकतं.

दुसरी मेख तांत्रिक आहे. सिग्नल गेल्यावर किती सेकंद वाट पाहून कॉल तुटल्याचं नोंदवायचं, याची एक वेळमर्यादा यंत्रणेत असते. ती लांबवली की कॉल कागदावर चालूच राहतो. आवाज येत नाही म्हणून ग्राहक वैतागून स्वतःच फोन ठेवतो. नोंद होते ती ‘ग्राहकाने कॉल संपवला’ अशी. कॉल ड्रॉपचा आकडा सुंदर दिसतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या गुणवत्ता नियमांनी बरीच भोकं बुजवायचा प्रयत्न केला आहे. तपासणी तिमाहीऐवजी टप्प्याटप्प्याने महिन्याची झाली, कव्हरेजचे नकाशे कंपनीच्या वेबसाइटवर टाकणं बंधनकारक झालं, आणि दंड १ लाखापासून १० लाखांपर्यंत गेला. जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत मिळायची तरतूद आहे. पण रोजचे आकडे कंपनीच्याच यंत्रणेतून येतात. ट्रायची गाडी रस्त्यावर फिरून चाचणी घेते, ती वर्षातून मोजक्या ठिकाणी.

कॉल तुटला तर एक रुपया मिळणार होता ना?

जानेवारी २०१६ पासून मिळणार होता, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ट्रायच्याच तांत्रिक अभ्यासात सुमारे ३७ टक्के कॉल ड्रॉपचं कारण ग्राहकाच्या बाजूचं असल्याचं नमूद होतं, आणि नियमाने मात्र सगळा दोष कंपनीवर टाकला होता. आलेल्या आक्षेपांना कारणं देऊन उत्तर दिलेलं नाही, हाही ठपका होता. नियामकांचे बरेच निर्णय असेच पडतात: हेतू ठीक, पण फाईलमध्ये कारणमीमांसा कच्ची.

सरकार आयोगाला आदेश देऊ शकतं का?

धोरणाच्या बाबतीत देऊ शकतं. विजेसाठी कलम १०८, ट्रायसाठी कलम २५. एखादी गोष्ट ‘धोरणाची’ आहे की नाही, यावर सरकारचाच शब्द अखेरचा. याशिवाय स्पेक्ट्रम आणि परवान्यांबाबत ट्राय फक्त शिफारस करतो, निर्णय दूरसंचार विभागाचा. वीज आयोगाची स्थिती इथे ट्रायपेक्षा बरी आहे.

विजेच्या बिलाची तक्रार कुठे आणि कशी करायची?

आयोगाकडे थेट नाही. आधी कंपनीत लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. मग ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे अर्ज जायला हवा. मंचाचा निकाल पटला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे, मुंबईला किंवा नागपूरला. वकील लागत नाही.

वाद चालू असताना वीज तोडतील ही भीती असते. विद्युत कायद्याचं कलम ५६ वाचून ठेवा. १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. मीटर बंद पडला असेल, तर बिल आधीच्या १२ महिन्यांच्या सरासरीने आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी.

लोक अडखळतात ते एका ठिकाणी. नोटिशीवर कलम १२६ (अनधिकृत वापर) किंवा १३५ (चोरी) लिहिलं असेल, तर मंच ते प्रकरण घेत नाही. त्यामुळे नोटीस हाती आली की आधी कलमाचा आकडा बघा. १२६ खालच्या अंतिम आकारणीवर अपील ३० दिवसांत करायचं असतं आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मंचाच्या दारात बसून हे ३० दिवस गेले, की वाट बंद.

आणि मोबाईलची?

कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, फी नाही, निकाल ३९ दिवसांत. ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र उघडा आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलची तक्रार १९०९ वर, सात दिवसांच्या आत.

गोव्यात कुणाकडे जायचं?

गोवा आणि काही केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त वीज आयोग आहे, कार्यालय हरियाणात गुरुग्रामला. वीज वितरण करतं गोवा सरकारचं वीज खातंच. म्हणजे तिथे आयोग ज्याला जाब विचारतो, तो थेट सरकारचा एक विभाग असतो.

दरवाढीवर आक्षेप कसा लिहावा, म्हणजे तो वाचला जाईल?

याचिकेची जाहिरात वर्तमानपत्रांत येते आणि हरकतींसाठी साधारण तीन आठवडे मिळतात. पूर्ण याचिका कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या, फक्त जाहिरातीवर विसंबू नका. ‘महागाईने कंबरडं मोडलंय’ हे खरं असलं, तरी आयोगाला त्यावर निकाल लिहिता येत नाही. पान आणि तक्त्याचा क्रमांक देऊन विचारा: गेल्या आदेशात गळतीचं उद्दिष्ट किती होतं, प्रत्यक्ष किती झाली, शेतीविक्रीचा आकडा कोणत्या फीडर मीटरवरून काढला, किती फीडर मीटर बंद होते, महाग वीज कोणत्या महिन्यात आणि का घेतली. कंपनीला प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. पुण्यातल्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं हेच केलं आहे. उत्तर गुळमुळीत आलं, तर सुनावणीच्या दिवशी तेवढंच वाचून दाखवा आणि खाली बसा.